काळी दोन

"ताई, तुम्ही नुसते ओठ हलवा," औंधकर सर म्हणाले.

पेटीवरची बोटं त्यांनी उचलली नव्हती. शिकवताना ते डोळे मिटून बसायचे, तसेच बसले होते. जरा ती खिडकी लावून घ्या म्हणावं तितक्या सहज ते बोलून गेले. बॅचमधल्या बाकीच्या बायका सतरंजीकडं बघायला लागल्या. माझ्या शेजारच्या पोतदार वहिनींनी उगाचच पदर सारखा केला. कुणी हसलं नाही, आणि त्यामुळंच माझं डोकं जास्त फिरलं. हसल्या असत्या तर निदान एकीला तरी मी फाडून खाल्लं असतं.

"म्हणजे काय, सर?" मी विचारलं.

"म्हणजे क्लासच्या कार्यक्रमात. स्वागतगीत सगळ्यांनी मिळून म्हणायचंय ना! तुमचा आवाज बाकीच्यांच्यात मिसळत नाही. तुम्ही उभ्या राहा, चेहरा हसरा ठेवा आणि ओठ हलवा. लोकांना काही कळणार नाही."

"मला कळेल की."

तेव्हा कुठं सरांनी डोळे उघडले. "ताई, ह्या वयात तुम्ही सुरुवात केलीत हेच मुळात कौतुकाचं आहे," ते म्हणाले आणि पुन्हा पेटी वाजवायला लागले.

शर्यतीत शेवटी आलेल्या पोरीच्या पाठीवर मारतात ना, तसली ती थाप होती. मी उठून जायला हवं होतं. पण गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले, कारण मला ते गाणं हवं होतं. सरांचं स्वागतगीत नव्हे, दुसरं एक.

मी तेव्हा कराडमधल्या एका मुलींच्या शाळेत पी. टी. शिकवत होते. रत्नमाला बाबर. मुली पाठीमागं मला तोफ म्हणायच्या, आणि त्या म्हणतात हे मला माहीत होतं. मैदानाच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या मुलीला बुटाची नाडी बांधायला लावणारा आवाज होता माझा. पंधरा ऑगस्टला माईक बंद पडला की मुख्याध्यापक माझ्याकडंच बघायचे. मैदानावर तो आवाज सगळ्यांना चालायचा. घरात मात्र मी आरतीला तोंड उघडलं की आमचे हे झांजा जोरात वाजवायला लागायचे. पाहुणे जमले की हा विनोद व्हायचाच. मी वरवर हसायचे आणि आत जळत राहायचे.

क्लास लावला तो सुनेला दिवस गेले तेव्हा. ऋतुजा तिचं नाव. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडं आणि बारसंही आमच्याच घरी व्हायचं होतं. त्या बारशाला मला माझ्या आईचा पाळणा म्हणायचा होता. आईनं तो स्वतः जुळवला होता. एकेक कडव्यात एकेक नातेवाईक येतो आणि बाळाला काहीतरी घेऊन येतो, असा तो पाळणा. लिहिलेला कुठं नव्हता, आणि आई गेल्यावर माझ्याशिवाय कुणाला येतही नव्हता. मी म्हटला नाही तर माझ्याबरोबरच तो जाणार होता. शब्द तोंडपाठ होते. पण म्हणायला गेले की चाल कुठल्या कुठं जायची आणि गळ्यातून नुसता आरडाओरडा निघायचा.

"गाणं? तू?" हे म्हणाले होते. "आधी नगरपालिकेची परवानगी काढ बाई."

आणि अक्का त्यावर म्हणाल्या होत्या, "आगं, पोटातलं प्वार उलट्या पावली माघारी जाईल की!"

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. राहायच्या उंब्रजला, पण सणाला आणि भांडणाला आमच्याकडं. त्यांच्या बोलण्यावर घरातली सगळी माणसं हसायची. माझा मुलगा संग्रामसुद्धा हसायचा. फक्त ऋतुजा नवीन होती, म्हणून ती हसायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायची.

औंधकर सर वाईट नव्हते असं पोतदार वहिनी मला अजूनही सांगतात. नसतील. त्यांच्या क्लासची एक रीत होती, एवढंच. बायकांनी काळी चारमध्ये गायचं. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी पट्टी. तिथं आपला सा धरायचा आणि तिथून वर चढायचं. तबला त्या सुरात लावलेला, तानपुऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र त्या सुरात लावलेलं. ते बटण कधी कुणी फिरवायचं नाही. सरांच्या गुरूंनी बायकांना काळी चारमध्ये शिकवलं होतं, म्हणून सरही शिकवत होते. सा माझा कसाबसा लागायचा. पंचमाच्या पुढं गेलं की कुणीतरी नरडं धरल्यासारखं व्हायचं. मग मी एक तर किंचाळायचे, नाही तर घसरून खाली यायचे. सर मान हलवायचे आणि म्हणायचे, "रियाज कमी पडतोय."

रियाज कमी पडत नव्हता. पहाटे उठून मी न्हाणीघरात नळ सोडून सा लावत होते. घसा सुजून यायचा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून शाळेत जायचे आणि शिट्टीवर दिवस काढायचे. एवढं करून हा माणूस मला ओठ हलवायला सांगत होता.

पुढच्या रविवारी मी भांडायचं ठरवूनच घरातून निघाले. सकाळी आमच्या आधी पुरुषांची बॅच असायची. ती संपली की सर थोडा वेळ एकटे सापडतात, तेवढ्यात त्यांना चार शब्द ऐकवायचे, असा माझा बेत होता. क्लास पहिल्या मजल्यावर होता. मी पोचले तेव्हा पुरुषांचं गाणं चालूच होतं. दार उघडं होतं. मी बाहेर जिन्यातल्या वरच्या पायरीवर बसले आणि काय काय बोलायचं ते मनातल्या मनात जुळवायला लागले.

आत भूप चालू होता. आमचाच धडा. सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. ते पुरुष रमतगमत म्हणत होते, कुणाला काही ओझं नसल्यासारखे. मला त्याचाही राग आला. त्या रागातच मी त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्यानं. पंचमाशी आले आणि सवयीनं मान ताठ केली, आता नरडं आवळणार म्हणून. पण काही झालं नाही. धैवत आला, वरचा सा आला, आणि सूर तिथं ठरून राहिला. घसरले नाही, किंचाळले नाही. पुन्हा खाली आले. माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकत होते. जाड होता, पण सरळ होता.

आत पेटी थांबली.

"वा!" सर म्हणाले. "काय स्वच्छ सा लागला! गायकवाड, तुम्ही का?"

"न्हाई बा," आतून एक जण म्हणाला. "मी तर पाणी पितोय."

मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. "गायकवाड नव्हे, सर. मी."

सरांनी डोळे उघडले. बॅचमधले सगळे पुरुष माझ्याकडं वळून बघायला लागले. गायकवाड नावाचा मिशीवाला गृहस्थ हातात तांब्या घेऊन तसाच बसला होता.

"ही कुठली पट्टी आहे?" मी विचारलं.

"काळी दोन," सर म्हणाले. "पण ताई, ती खालची, पुरुषांची..."

"पट्टीला मिशा असतात का?"

एक-दोघे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी बॅच सोडली. माणसं चपला शोधत खाली उतरेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. मग सर समजुतीच्या सुरात बोलायला लागले. शाळेत निलंबनाची नोटीस देताना साहेब लोक असल्याच सुरात बोलतात.

"असं बघा ताई, बॅच म्हटली की एक पट्टी लागते. तुमच्या एकटीसाठी मी तबला उतरवला, तर बाकीच्या बायकांनी काय करायचं?"

"मग मला ह्या बॅचला बसवा."

"पुरुषांच्यात? बरं दिसतं का ते?"

"मला दिसायचं नाहीये, गायचंय. इतके महिने तुम्ही मला रियाज कमी पडतो म्हणताय. गळा सोलून निघाला माझा. आणि पट्टी चुकीची आहे हे तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"पट्टी चुकीची कशी असेल? बायका काळी चारमध्येच गातात."

"मी गात नाही ना! आत्ता तुम्ही वा म्हणालात."

"मला वाटलं गायकवाड आहेत."

"म्हणजे गायकवाडांचा असला की स्वच्छ सा आणि माझा निघाला की ओठ हलवा?"

सरांनी पेटीचा भाता बंद केला, आकडा अडकवला. "ताई, राग मानू नका. गाणं म्हणजे नुसते सूर नव्हेत, त्यात शोभाही लागते. तुमचा सूर लागतो, मी नाही म्हणत नाही. पण तो... काय सांगू... तो बाईचा आवाज वाटत नाही."

हे शब्द मी त्याआधी आयुष्यात एकदाच ऐकले होते. तेव्हा मला उलटून बोलता आलं नव्हतं. त्या दिवशी सरांसमोरही आलं नाही. कानशिलं तापली. आपण काहीतरी फोडू की काय अशी मलाच भीती वाटली, म्हणून मी खाली उतरून आले. बायकांची बॅच जिना चढत होती. पोतदार वहिनी म्हणाल्या, "अहो, निघालात कुठं?" मी म्हटलं, "ओठांचा रियाज करायला."

कार्यक्रमाला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण आमच्या ह्यांनी सगळ्या आळीला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. ऋतुजाचे दिवस भरत आले होते म्हणून अक्काही मुक्कामाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या तर पयल्या रांगेत बसनार. आपली बाय गाती म्हंजे काय!" आणि तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा मी ठरवलं, जायचं.

सगळ्या बायकांनी एकसारख्या मोरपंखी साड्या नेसायच्या होत्या. मी नेसले. दुसऱ्या रांगेत मधोमध मला उभं केलं होतं. पडदा वर गेला. समोर पहिल्या रांगेत आमचे हे, संग्राम, पोटावर हात ठेवून बसलेली ऋतुजा आणि अक्का. तबल्यावर थाप पडली. काळी चार. डाव्या-उजव्या बाजूनं बायकांनी तोंडं उघडली.

मी टाचा जुळवल्या. मुठी मांडीला लावल्या. छाती पुढं, नजर समोर. गेली कित्येक वर्षं हजारो पोरींकडून जी सावधानची पोझिशन मी करून घेतली होती, तिच्यात मी उभी राहिले आणि तोंड गच्च मिटून घेतलं. ओठ हलवले नाहीत. हसरा चेहराही केला नाही. माझा आवाज तुमच्यात नसेल तर माझे ओठही तुम्हाला मिळणार नाहीत. ओळीमागून ओळी गेल्या. विंगेतून सर बोटानं ओठांकडं खुणा करत होते. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. शेवटच्या ओळीपर्यंत लोकांचं गाण्याकडं लक्षच राहिलं नव्हतं. सगळे दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईकडं बघत होते.

पडदा पडल्यावर सर तरातरा आले. "हे काय ताई? निदान ओठ तरी..."

"सर, मी नाटक शिकायला आले नव्हते," मी म्हटलं. साडी क्लासची होती. दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून पोतदार वहिनींकडं पोचती केली. क्लास संपला.

घरी मात्र संपलं नव्हतं. सर मला ओठ हलवायला म्हणाले होते, हे ह्यांना पोतदार वहिनींच्या मिस्टरांकडून कळलं. रात्रीच्या जेवणाला तोच विषय.

"पुतळ्यासारखी उभी होती," हे संग्रामला सांगत होते. "मला वाटलं आता हिला हार घालायला कुणीतरी पुढारी येतोय."

अक्कांना हसून हसून ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "बरं केलंस बाय. आता बारशालाबी तसंच कर. पाळन्यापाशी हुबी ऱ्हा आन् नुसती व्हटं हलीव. पाळना म्या स्पीकरवर लावते. माज्या नातवानं दिलाय भरून, लई ग्वाड आवाज हाय त्या बाईचा."

"पाळणा मी म्हणणार आहे," मी म्हटलं.

"आगं, बाळ उठंल की!"

पुन्हा हशा. मी ताट तसंच टाकून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी आपटली. हो, मुद्दाम आपटली. थोड्या वेळानं ऋतुजा पोट सांभाळत आत आली. तिनं पाट ओढला, त्यावर बसली आणि माझ्यापुढं आपला मोबाइल धरला.

"आई, हे तानपुऱ्याचं ॲप आहे. ह्यात सगळ्या पट्ट्या आहेत. तुम्ही त्या दिवशी भांडून आलात ती कुठली म्हणालात?"

"काळी दोन."

तिनं बटण दाबलं. भांड्यांच्या ढिगाशेजारी तो तानपुरा घुमायला लागला. मी हात पुसले. "तुला कशाला गं ही उठाठेव?"

"मला पाळणा ऐकायचाय," ती म्हणाली. "माझी आई असती तर तिनं म्हटला असता. तुम्ही म्हणा."

मग मी शाळा सुटल्यावर खेळाच्या सामानाच्या खोलीत बसायला लागले. लेझीम, डंबेल्स, फाटक्या व्हॉलीबॉलचा ढीग आणि खिडकीत ठेवलेला मोबाइल. शिकवायला कुणी नव्हतं. चुकायचे, स्वतःलाच शिव्या घालायचे, पुन्हा म्हणायचे. पाळण्याची चाल हळूहळू आपल्या जागेवर बसायला लागली. आई त्याच सुरात म्हणायची ती. इतकी वर्षं मी तो पाळणा उगाच उंचावर धरून ओढत होते, कारण बाईनं वरच गायचं असतं हे माझ्याही डोक्यात बसलं होतं.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळण्याला फुगे लावले होते, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. संग्रामला बहीण नाही, त्यामुळं कानात नाव सांगायचा मान अक्कांचा होता. त्या नवी इरकल नेसून पाळण्याच्या डोक्याशी बसल्या होत्या. बाळाला पाळण्याखालून, वरून फिरवून बायकांनी कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या केलं आणि पाळण्यात ठेवलं. पोर गाढ झोपली होती. अक्कांनी पदराखालून स्पीकर काढला, पाटावर ठेवला आणि बटण दाबलं. बारीक, साखरेच्या पाकातल्या आवाजात कुणीतरी गायला लागलं.

मी पुढं झाले आणि स्पीकर बंद केला.

"आगं, काय केलंस?"

"अक्का, पाळणा मी म्हणणार आहे."

हे दारातून म्हणाले, "रत्ना, आज नको. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच."

अक्का हसल्या. चार बायकांकडं बघत त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. प्वार दचकंल. ह्यो काय बाईचा आवाज हाय व्हय?"

जे शब्द औंधकर सरांच्या आधी मी एकदा ऐकले होते, ते हेच. अक्कांच्याच तोंडून. संग्रामच्या बारशाला. ते माझ्या माहेरी झालं होतं, आमच्या मळ्यातल्या घरात. माझ्या आईचा आवाज माझ्यासारखाच. ओढ्यापलीकडच्या माणसाला ती घरातून हाक मारायची. पहिला नातू झाला म्हणून तिनं हा पाळणा जुळवला होता, आणि बारशाआधी रोज चुलीपाशी बसून ती तो घोकायची. मी बाजेवर पडून ऐकायचे, म्हणून तर मला तो सगळा येत होता. बारशाच्या दिवशी तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली. आजीचं कडवं झालं, मामाचं झालं. पुढचं म्हणायला तिनं श्वास घेतला, आणि सासरची मानाची पाहुणी असलेल्या अक्का म्हणाल्या, "मावशी, पुरं आता. प्वार दचकंल. ह्यो काय बाईचा आवाज हाय व्हय?" सगळा मांडव हसला. आमचे हे हसले. आई पण हसली. तिनं दोरी अक्कांच्या हातात दिली आणि चहा बघते म्हणून आत गेली. मी टाक्यांनी जखडून बाजेवर पडले होते. मला उठताही आलं नाही आणि ओरडताही आलं नाही. त्यानंतर आई जत्रेत गायली नाही, भोंडल्याला गायली नाही, देवापुढं गायली नाही. एकदा मी म्हटलं, आई, तो पाळणा म्हण की. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. बाळ उठतंय." तेव्हा संग्राम शाळेत जात होता.

मी ऋतुजाकडं बघितलं. तिनं मोबाइल आधीच काढला होता. काळी दोन.

मी दोरी हातात घेतली आणि सुरू केलं.

"आजी गं आली, हातात वाटी
गुटी उगाळी बाळाच्यासाठी, जो जो गं..."

खोलीत माझा आवाज घुमला. जाड, सरळ. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण फिसकन हसली, आणि मी तिच्याकडं मैदानावर बघतात तसं बघितल्यावर तिचं हसू जिथल्या तिथं विरलं. मामाचं कडवं सुरू केलं आणि पोर उठली. दचकली, हातपाय झाडले आणि टाहो फोडला.

"बगा! उठीवलं का न्हाई?" अक्का म्हणाल्या आणि तिला उचलायला वाकल्या.

मी थांबले नाही. दोरी ओढत राहिले.

"राहू दे आत्या, रडू दे तिला," ऋतुजा म्हणाली. "आईंचं पुरं होऊ दे."

मामाचं कडवं संपलं. पोर रडतच होती. मी श्वास घेतला, माझ्या आईनं घेतला होता तिथंच. आणि मी अक्कांच्या तोंडाकडं बघून पुढचं कडवं म्हटलं.

"आत्या गं आली उन्हातनं चालून
अंगडं आणलं पदरी झाकून
तिच्याच ओठी नाव गं यावं
तिच्याच मायेत बाळानं न्हावं, जो जो गं..."

अक्कांचे हात पाळण्यातच राहिले. त्या पोरीकडं बघेनात, माझ्याकडं बघायला लागल्या.

"ह्ये... ह्ये कुनी केलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईनं. तुमच्यासाठी केलं होतं. त्या दिवशी तुम्ही थांबवलंत ना, तिथं हे कडवं होतं."

अक्कांना ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांना आठवलं. तोंडावर दिसलं. दारातल्या आमच्या ह्यांनी मान खाली घातली. मला कुणाचीही दया आली नाही. मी उरलेला पाळणा शेवटपर्यंत म्हटला, एकही कडवं न गाळता. मधे कधीतरी पोर रडायची थांबली. ती माझ्या आवाजानं थांबली की दमून, ते मला माहीत नाही आणि त्याचं मला काही पडलेलंही नव्हतं.

मग नाव सांगायची वेळ आली. बायकांनी पोरीवर ओढणी धरली. अक्का वाकल्या, तोंड कानाशी नेलं. कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, एवढंच काम. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "नुसते ओठ हलवा."

अक्कांनी मान वर केली नाही. त्यांनी ओठ हलवले.

आणि बाळाचं नाव मी सांगितलं, मुक्ता, काळी दोनमध्ये. आळीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ते ऐकू गेलं, असं लोक अजून सांगतात.